पाकोळीची वर्गणी

शनिवारी सकाळी दहाला बेल वाजली. बुधवार पेठेत राहणाऱ्या माणसाला श्रावणातल्या शनिवारची बेल आवाजावरून कळते. मंडळाची पोरं! पुढे पावतीपुस्तकवाला, त्याच्या मागे नुसतेच गंभीर चेहरे करून उभे असलेले दोघं. "काका, गेल्या वर्षी पाचशे होते, या वर्षी जरा वाढवा ना." (गेल्या वर्षीपर्यंत मी 'दादा' होतो. असो.) सातशे एक रुपये दिले, पावती घेतली, फ्रिजवर चुंबकाखाली अडकवली. सगळा कार्यक्रम दीड मिनिटात आटोपला. या पैशाचा 'इम्पॅक्ट' काय, सातशे एक रुपयांत नेमका किती गणपती बसतो, मला त्याचा फोटो मिळेल का, असलं काहीही मी विचारलं नाही. तुम्हीही विचारत नसणार.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो.

आमच्या ऑफिसात टीमची म्हणून दरवर्षी थोडी रक्कम जमते. प्रत्येकी हजार-दोन हजार, आणि जेवढे जमतील तेवढेच कंपनी वरून घालते. गेल्या वर्षी हे पैसे कुठे द्यायचे ते ठरवायला मीटिंग होती आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःहून हात वर केला. म्हटलं, कोकणातल्या बेटांवरच्या पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या लोकांना देऊया. मला वाटलं, पाच मिनिटांत होईल. चांगला पाऊण तास चालली मीटिंग. पहिला प्रश्न आला, "तिथे टीम आउटिंग नेता येईल का?" दुसरा, "हजार रुपयांत किती पक्षी वाचतात?" तिसरा प्रश्न एका हुशार मुलीचा होता आणि तोच मला आजवर छळतोय: "आपण पैसे दिले आणि तिथे काहीच झालं नाही, तर आपण काय दाखवायचं?"

शेवटी पैसे वृक्षारोपणाला गेले. एका रिसॉर्टजवळच्या माळावर आम्ही दीडशे खड्ड्यांत दीडशे रोपं लावली, सेल्फी काढले, दुपारी मिसळ, संध्याकाळी परत. मार्चमध्ये एका मित्राला मुद्दाम त्या बाजूला वाट वाकडी करायला लावली. तो म्हणाला, बोर्ड मात्र छान उभा आहे. :)

पण मी पक्ष्यांचं का सुचवलं, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा उगाच निसर्गप्रेमी झालाय.

आमचा वाडा होता तेव्हाची गोष्ट. तपकीर गल्लीपासून दोन मिनिटांवर. २००९ साली तो पाडला आणि त्या जागी आता चार मजली इमारत आहे, जिच्या दुसऱ्या मजल्यावर बसून मी हे लिहितोय. वाड्याच्या देवडीच्या छताला पाकोळ्यांची घरटी होती. पिसं, काड्या, कापूस असं काहीबाही उडता उडता गोळा करून थुंकीने चिकटवलेलं बेढब गाठोडं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्यांचा थवा जोगेश्वरीच्या बाजूने किंचाळत यायचा आणि आजी म्हणायची, "आल्या गं बाई, आता दिवा लावा." वाडा पाडताना मुकादमाने घरटी बांबूने खाली पाडली. कोणी वाईट माणूस नव्हता तो. त्याला काम होतं. नव्या इमारतीला देवडी नाही, त्यामुळे पाकोळ्यांचा प्रश्नच मिटला.

ही गावातली पाकोळी तशी नशीबवान. एक वाडा गेला तर दुसरा वाडा, वाडे संपले तर फ्लायओव्हरचं पोट, पाण्याच्या टाकीची खालची बाजू. तिची एक लांबची चुलत बहीण आहे, तिचं तसं नाही. आपल्या पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत राहणारी भारतीय पाकोळी. आकाराने चिमणीपेक्षाही लहान, रंगाने धुरकट तपकिरी, फोटोत काढावं असं तिच्यात काहीही नाही. ती घरटं करते ते गुहेतल्या अंधारात, कातळाला चिकटवून, आणि त्यात मुख्य माल असतो तिची स्वतःची लाळ. त्या अंधारात उडताना ती गळ्यातून टकटक असा आवाज काढते आणि प्रतिध्वनीवरून भिंत कुठे आहे ते ओळखते. वटवाघळाची युक्ती, फक्त आपल्याला ऐकू येईल अशा आवाजात. पक्ष्यांमध्ये ही विद्या फारच थोड्यांना येते.

आणि तिची महाराष्ट्रातली प्रसिद्ध वस्ती आहे वेंगुर्ल्याच्या समुद्रात. किनाऱ्यापासून काही मैल आत खडकांचा एक पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स. त्यावर दीपगृह आहे, आणि त्यातल्या बेटाला इंग्रजीत 'बर्न्ट आयलंड' म्हणतात. हुमायून अब्दुलअलींनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये इथल्या सुरय पक्ष्यांवर आणि या पाकोळ्यांवर लेख लिहिला होता. म्हणजे शोध नवा नाही. पुढे आपल्या पुण्यातल्याच झूलॉजिकल सर्व्हेच्या अनिल महाबळ आणि सहकाऱ्यांनी १८६४ ते २००४ अशा एकशेचाळीस वर्षांतल्या या पाकोळीच्या सगळ्या नोंदी एकत्र करून २००७ मध्ये त्याच जर्नलमध्ये छापल्या. एका धुरकट पक्ष्यासाठी एकशेचाळीस वर्षांचे लॉग वाचत बसलेली माणसं! मला अशा माणसांबद्दल फार आदर आहे. आम्ही तीन दिवसांचे लॉग वाचायला लागले तर तिकीट दुसऱ्याच्या नावावर ढकलतो.

घरट्याचं काय, तर चिनी लोक त्याचं सूप करतात. अंदमानात किंवा आग्नेय आशियात जी पाकोळी शुभ्र लाळेचं घरटं करते तिला सोन्याचा भाव असतो. आपल्या पाकोळीच्या घरट्यात पिसं नि काटक्या मिसळलेल्या असतात, म्हणून माल कमी प्रतीचा. पण कमी प्रतीचा म्हणजे फुकट नव्हे. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या लोकांनी या बेटावरची घरटी चोरीला जातायत ही गोष्ट पुढे आणली. भाऊ काटदरे आणि मंडळींची ही संस्था, १९९२ पासूनची. मग वनखात्याकडे पाठपुरावा, बेटावर फेऱ्या, मोजणी, राखण असं सगळं मागे लागलं. आपल्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्याची अंडी आणि घरटी छेडणं येतं, त्यामुळे गुन्हा तर तो होताच. पण बेटावर कायदा पोचायला होडी लागते.

चोरी कशी जीवघेणी असते ते लक्षात घ्या. घरटं काढणारा अंडी किंवा पिल्लं बाजूला ठेवून घरटं नेत नाही. ती खाली पडतात. पाकोळी पुन्हा घरटं बांधते, पण कच्चा माल तिच्याच अंगातून यायचा असतो, तो किती येणार? आणि ती जाणार कुठे? आजूबाजूला मैलोगणती पाणी. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा एका सर्व्हरवर, सर्व्हर एका खोलीत, खोलीला कुलूप नाही आणि बॅकअप कोणी घेतलेलाच नाही. बेटांचं नाजूक असणं म्हणतात ते हेच. तिथल्या झाडात, पक्ष्यात मुळात काही कमकुवत नसतं, उलट खाऱ्या वाऱ्यात जगणारे चिवट जीव ते. फक्त त्यांना दुसरी जागा नसते. मुकादमाचा एकच बांबू पुरतो.

आता येतो पैशाकडे.

याच संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. तो तुम्हाला माहीत असेलच. अर्ध्या पुण्याने तिथे पहाटे उठून पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आहेत. (उरलेल्या अर्ध्याने त्यांच्या मोबाईलमधले व्हिडिओ.) वेळासचं गणित फार सुंदर जमलं. लोक आले, गावातल्या घरांत राहिले, आमटी-भात आणि मोदक खाल्ले, पैसे गावात राहिले. अंडी चोरण्यापेक्षा अंडी राखण्यात फायदा आहे हे गावाला भाषणाशिवाय कळलं. मी स्वतः दोनदा गेलोय आणि तिसऱ्यांदाही जाईन.

पण वेळासने आपल्याला एक वाईट सवय लावली असं माझं मत आहे. आपल्याला वाटायला लागलं की निसर्ग वाचवायचा म्हणजे तो आधी आपल्याला दिसला पाहिजे. तिकीट काढून, नाश्त्यासकट. कासवाचं पिल्लू या बाबतीत आदर्श उमेदवार आहे: डोळे मोठे, चाल वेडीवाकडी, समुद्राकडे तोंड करून धावणं, पाठीमागे सूर्योदय. बेटावरची पाकोळी यातलं काहीच देत नाही. ती अंधारात बसते. तिला बघायला गेलात तर टॉर्च लागणार, टॉर्च लावलात तर ती घाबरून उडणार, आणि घरटं एवढंसं असतं की त्या गडबडीत अंडं खाली. फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंतचे जे महिने तिच्या विणीचे, तेच आपल्या सुट्ट्यांचे आणि शांत समुद्राचे. 'पाकोळी महोत्सव' भरवला, तर घरटीचोरांना जे काम करायला काही वर्षं लागली असती ते आपण दोन सीझनमध्ये करून दाखवू. तेही पर्यावरणप्रेमी टोप्या घालून.

म्हणून अशा बेटासाठी पैसे मागायचे तर खरी जाहिरात अशी हवी: "पैसे द्या आणि येऊ नका." बघा बरं, कुठल्या कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये बसतं हे.

बरं, पैसे लागतात कशाला? इथेच बहुतेकांचा रस संपतो, कारण उत्तर भयंकर कंटाळवाणं आहे. होडीचं भाडं, डिझेल, आणि विणीच्या महिन्यांत लक्ष ठेवणाऱ्या दोन-चार स्थानिक माणसांचा पगार. त्याशिवाय कोर्टकचेरीच्या तारखांना जायचा एसटीचा खर्च. अंदमानात कोइमतूरच्या सालिम अली केंद्राचे रवी शंकरन यांनी वनखात्याबरोबर हेच केलं होतं. जी माणसं पिढीजात घरटी काढत होती, त्यांनाच गुहांवर राखणदार म्हणून नेमलं. कोणत्या कपारीतून चढायचं, कोणत्या रात्री चोर येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? (आपल्याकडे हॅकरला सिक्युरिटीत घेतात, तसंच.) राखलेल्या गुहांमधली पाकोळ्यांची संख्या पुन्हा वाढू लागली. शंकरन यांचं पुढचं म्हणणं असं की पिल्लं उडून गेल्यावर रिकामी घरटी कायदेशीरपणे विकावीत आणि त्यातून राखणदारांचं घर चालावं. यावर पक्षीवाल्यांमध्ये दोन्ही बाजूंनी कडाक्याचे वाद झाले. शंकरन २००९ च्या जानेवारीत अकाली गेले. मला त्यांची विकण्याची कल्पना वेंगुर्ल्याला लागू पडेल असं वाटत नाही, कारण इथला माल हलका आणि वस्ती छोटी. पण पहिला भाग, माणसाला पगार देण्याचा, तो कुठेही लागू पडतो.

आणि नेमका पगार म्हटला की आमच्यासारख्यांच्या कपाळाला आठ्या. "म्हणजे आमचे पैसे सॅलरीत जाणार?" त्या मीटिंगमध्ये हे वाक्य ज्याने म्हटलं तो स्वतः महिना दोन लाखांच्या वर घेतो आणि त्याच्या पगाराला आम्ही 'प्रोजेक्ट कॉस्ट' म्हणतो! लगेच कोणीतरी म्हणालं, सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही. हा गैरसमज इतक्या वेळा ऐकलाय की इथे लिहूनच टाकतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, आणि वन्यजीव-पर्यावरण त्या कामांच्या यादीत आहे. २०२१ च्या नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चावर. प्रत्यक्ष प्रकल्प राबवायला जो खर्च होतो तो त्यात धरत नाहीत. बेटाचा राखणदार हाच तर प्रकल्प आहे. तो ओव्हरहेड कसा? ओव्हरहेड म्हणजे आम्ही पाऊण तास घेतलेली ती मीटिंग.

आता त्या हुशार मुलीचा प्रश्न. काहीच झालं नाही तर दाखवायचं काय?

मी त्या दिवशी गप्प बसलो. उत्तर घरी जाताना लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये सुचलं. (माझी सगळी उत्तरं तिथेच सुचतात.) आम्ही वर्षातून सहा आठवडे रात्रीचा सपोर्ट करतो. उशाशी फोन ठेवून झोपायचं. ज्या आठवड्यात फोन वाजत नाही तो सगळ्यात चांगला आठवडा. त्या आठवड्याचा भत्ता कोणी कापत नाही, "काही बंद पडलंच नाही, मग तू केलंस काय?" असं क्लाएंटही विचारत नाही, कारण ज्या आठवड्यात फोन उचलायला कोणी नसतं तेव्हा काय होतं ते त्याने एकदा पाहिलेलं असतं. राखणदाराचंही तेच. एप्रिलभर होडी फिरली, कोणी आलं नाही, घरटी जागच्या जागी, पिल्लं उडाली. कॉलम रिकामा. तो रिकामा कॉलम आपण विकत घेतलेला असतो.

अर्थात याचा अर्थ डोळे मिटून पैसे द्या असा नाही. त्या मुलीच्या बाजूनेही बोलायला हवं. 'काहीच घडलं नाही' हे यशाचंही वर्णन आहे आणि घरी झोपा काढल्याचंही. दोन्हींत फरक करायचा तर हिशेब बघावा लागतो: किती फेऱ्या मारल्या, कोणत्या तारखांना, डिझेल किती, मोजणी कोणी केली, गेल्या वर्षी त्याच गुहेत किती घरटी होती. हे मागायचा देणाऱ्याला पूर्ण हक्क आहे आणि जी संस्था यावर चिडते तिला देऊ नये. माझी तक्रार वेगळी आहे. आपण हिशेब मागतच नाही, आपण गोष्ट मागतो. फोटो, नाव ठेवलेलं पिल्लू, दत्तक घेतल्याचं सर्टिफिकेट. मग संस्थाही शिकतात. राखणदार कमी करून फोटोग्राफर घेतात. त्यांचं तरी काय चुकलं? आम्ही जे मोजलं ते त्यांनी वाढवलं.

या बाबतीत मंडळं बरी म्हणायची. आमच्या मंडळाचा अहवाल दरवर्षी छापून घरी येतो. मागच्या पानावर जमाखर्च: मांडव इतका, वीज इतकी, मूर्ती इतकी, किरकोळ इतके. वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडून रीतसर परवानगी घ्यावी लागते, ती त्यांनी चौकात फ्रेम करून लावलेली असते. 'किरकोळ' या सदरावर आमचे खजिनदार काका आणि पेठेतले इतर ज्येष्ठ यांच्यात दरवर्षी जाहीर भांडण होतं. मला ते भांडण फार आवडतं. त्या भांडणामुळेच मी बिनप्रश्न सातशे एक रुपये देऊ शकतो.

वृक्षारोपणानंतर आम्ही सहा जणांनी वेगळी सोय केली. कंपनी नको, मॅचिंग नको. प्रत्येकी महिना पाचशे, दर पाच तारखेला खात्यातून आपोआप जातात, किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका संस्थेला. वर्षातून एकदा त्यांनी हिशेबाचा कागद पाठवायचा, फोटो पाठवायचा नाही. ८०जी ची पावती येते, पण आमच्यातले बहुतेक नव्या करप्रणालीत गेल्यामुळे तिचा उपयोग शून्य, नव्या प्रणालीत ती वजावटच नाही. एकाने तेवढ्यासाठी गळती घेतली. दुसऱ्याची नोकरी गेली, त्याला आम्हीच थांबवलं. चार उरलो. चार पाचे वीस, म्हणजे महिना दोन हजार. यात बेट वाचत नाही, मला माहीत आहे. होडीच्या काही फेऱ्या होतात.

खजिनदार काकांना हे एकदा कट्ट्यावर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तिकडे गेलायस कधी?"

"नाही."

"जाणार?"

"नाही."

"आणि त्या पाकोळ्या म्हणजे तुमच्या देवडीत होत्या त्याच?"

"त्यांच्या लांबच्या नात्यातल्या."

"आमच्याही वाड्यात होत्या," काका म्हणाले. "फार घाण करायच्या." मग खिशातून पाचशे एक काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "पावती दे." माझ्याकडे कुठलं पावतीपुस्तक? तर मागे अहवाल पडला होता, त्याचं कोरं पान फाडून त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं: 'पाकोळ्यांसाठी, वेंगुर्ले, रु. ५०१ फक्त, रोख मिळाले', तारीख, सही. वर म्हणाले, डिझेलचा आकडा आला की दाखव.

कालच ऑफिसातून या वर्षीचं मेल आलंय. जमलेल्या निधीसाठी सूचना मागवल्या आहेत, आणि खाली ठळक अक्षरांत: 'या वर्षी कुठे जायचं?' माझं उत्तर टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवलंय, सोमवारी पाठवेन. 'कुठेच नाही. सविस्तर भेटल्यावर.'